रिपीट म्हटलं अन् घोळ झाला: सिलिअॅक, फल्लीदाणे आणि एक स्पोर्ट्स बार

प्रकरण माझ्या भाचीचं आहे आणि चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी बारवाल्याच्या नावानं बोटं मोडायला नको. भाचीनं लिहायची परवानगी दिली ती एकाच अटीवर, नावं टाकायची नाही, तिचंही नाही अन् बारचंही नाही. ठीक आहे, बार धरमपेठेकडचा होता एवढं पुरे, तिकडे आता इतके झालेत की तसंही कोणाला ओळखू येणार नाही.

मी स्वतः ११ वर्षं नागपुरात हॉटेल लाईनमधे काढली. स्टुअर्ड म्हणून लागलो, कॅप्टन (म्हणजे वेटर लोकांचा वरचा माणूस) होऊन सोडलं, आता दुसरा धंदा करतो. म्हणजे केओटी (किचनमधे जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) कशी फाटते, आचारी कशावर चिडतो, गर्दीत काय काय सुटतं, सगळं पाठ. असा माणूस टेबलवर बसलेला असताना हे झालं, म्हणून तर लिहून राहिलो.

भाची २४ वर्षांची. तिला दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या आहेत, हे लोकांना समजावता समजावता आमच्या ताईचं अर्धं आयुष्य गेलं. पहिली म्हणजे फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्याची अॅलर्जी, लहानपणापासूनची. चार वर्षांची असताना संक्रांतीला शेजारी कोणीतरी तिळगूळ दिला, त्यात दाण्याचं कूट होतं, दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला, भाऊजींनी स्कूटरवर टाकून दवाखाना गाठला म्हणून वाचली. तेव्हापासून घरात फल्ली बंद. आता विदर्भातल्या घरात फल्ली बंद म्हणजे काय होतं ते तुम्हीच पाहा, पोह्यात नाही, साबुदाण्यात नाही, वांग्याच्या भाजीत कूट नाही, आणि तेल आणताना डब्यावरचं वाचत बसायचं.

दुसरी गोष्ट सिलिअॅक, म्हणजे गहू न चालण्याचा आतड्याचा आजार, ती कळली तीन वर्षांपूर्वी. पोरगी कॉलेजच्या टीममधे विकेटकीपिंग करायची, अन् हळूहळू असं व्हायला लागलं की दहा ओव्हर झाल्या की ती खालीच बसायची. हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, गूळ झाला, सगळे म्हणाले मुलींना असतंच. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट लिहून दिली, ती चांगलीच वाढलेली निघाली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा कणभर तुकडा तपासला. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, ते सपाट झाले होते, मग गोळ्यांतलं लोह शोषलं जाणार कुठून. इथं मधेच एक सांगतो, कोणाला अशी शंका आली तर टेस्टच्या आधीच पोळी बंद करून बसू नका, गहू बंद असला की टेस्ट खोटीच निगेटिव्ह येऊ शकते, आमच्या ओळखीत एकाचं असंच दीड वर्ष वाया गेलं.

फरक असा आहे की फल्लीनं होतं ते लगेच होतं, मिनिटांत, आणि जीवावर बेतू शकतं. त्यावर इलाज अॅड्रेनालिनचं इंजेक्शन. तिच्या बॅगेत दोन अँप्यूल, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी कायम असते, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत कसं द्यायचं ते तिच्यासकट आम्हा चौघांना शिकवलेलं आहे. अॅलर्जीची साधी गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा ती उघडत नाही. सिलिअॅक ही मुळात अॅलर्जीच नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नाही, गव्हासारखं धान्य) यांच्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, घसाबिसा काही बंद होत नाही, पण काही तासांनी पोट फुगतं, जुलाब, डोकं जड, आणि वरून काही दिसलं नाही तरी आत नुकसान होऊ शकतं. याला इंजेक्शन नाही, गोळी नाही, आयुष्यभर पथ्य हेच औषध.

आणि पथ्य म्हणजे किती? एका पोळीत अंदाजे दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलीग्रॅम तीन महिने पोटात गेलं तरी आतडं बिघडतं असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे एका पोळीचे चाळीस-पन्नास तुकडे करा, त्यातला एक. "थोडंसं खाल्लं तर काय होतं" म्हणणाऱ्या आत्याबाईंना भाची हाच हिशोब ऐकवते. आपल्याकडे पॅकेटवर ग्लुटेन फ्री छापायचं असेल तर किलोमागे २० मिलीग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, तो नियम या बारीकपणातूनच आला. एम्सच्या आणि इतर ठिकाणच्या डॉक्टरांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाहणी केली होती, त्यात उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे जास्त आणि दक्षिणेत हजारात एक असं निघालं. आपण नागपूरवाले बरोबर मधे, ज्वारी सोडून पोळीवर आलेले.

आता त्या दिवसाचं.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार, महिला वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध साऊथ आफ्रिका. २०१७ ची फायनल आपण ९ रननी हरलो होतो, त्या टीममधे आपल्या नागपूरची मोना मेश्राम होती, भाची तेव्हा सोळा वर्षांची, टीव्हीसमोर रडत बसलेली मला आठवते. त्यामुळे या वेळेस तिला घरी बसून पाहायचंच नव्हतं. एरवी ती बाहेर गेली की घरून जेवून जाते अन् लाइम सोडा घेऊन बसते, तिला सवय झालीये. पण त्या दिवशी म्हणाली, "मामा, मला पण तिथं बसून खायचंय यार, सगळे खातात तसं." तू माझ्यावर सोड, मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आम्ही सहा जण. मॅच ३ ची म्हणून अडीचला जाऊन बसलो, तर नवी मुंबईत पाऊस. सामना शेवटी ५ ला सुरू झाला. बाकीचे वैतागले पण आमच्या कामासाठी तो पाऊस देवानंच पाडला समजा, कारण टेबलं भरलेली, ऑर्डरी अजून थंड्या, किचन रिकामं. याच्यापेक्षा चांगली वेळ विचारपूस करायला मिळत नाही.

पहिला प्रश्न भाचीनं नेहमीसारखाच विचारला, भाऊ, ग्लुटेन फ्री काय आहे तुमच्याकडे? पोरगा नवीन होता. म्हणे, "ग्लुकोज फ्री? शुगर है क्या मॅडम को?" टेबल हसलं, तीपण हसली, पण मी त्याला दोष देत नाही, हा शब्द ऐकूनच माहीत नसतो कोणाला. मग कॅप्टन आला, त्यानं शब्द ऐकलेला होता, तो म्हणाला, "हो जायेगा मॅडम, सब हो जायेगा."

या "हो जायेगा" ला मी घाबरतो, कारण अकरा वर्षं मी स्वतः तेच म्हटलंय. खोटं बोलायचं म्हणून नाही म्हणत हो कोणी. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही असं अंगात मुरलेलं असतं, आणि "हे चालेल का" असा प्रश्न आला की तोंडातून हो च निघतं. म्हणून मी प्रश्नच फिरवला. चालेल का विचारायचं सोडून प्रत्येक पदार्थ कसा बनवता, काय काय पडतं, कशात तळता, वरून काय भुरभुरवता, असं सुरू केलं. कॅप्टन दोन पदार्थांतच थकला आणि आतून उस्तादांना, म्हणजे मुख्य आचाऱ्याला बोलावून आणलं. बालाघाटकडचे, पन्नाशीचे, खांद्यावर नॅपकिन, बाहेर येऊन उभे राहिले ते थोडे चिडूनच.

अन् मग एकेक बाहेर यायला लागलं.

तंदूरी चिकन टिक्का, वरवर पाहिलं तर मांस आणि दही, सगळ्यांना वाटतं सेफ. मेरिनेशनमधे भाजलेलं बेसन, ते सुट्टं, चक्कीवरचं, त्याच चक्कीवर गहू दळला जातो. शिवाय तंदूर एकच, त्याच्या भिंतीला नान चिकटतात, वरून सुका मैदा उडत राहतो आणि सळ्या ठेवायचा ओटा पण तोच. फ्रेंच फ्राईजच्या फ्रोझन पॅकेटवर उस्तादांनीच बोट ठेवलं, कोटिंगमधे गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं. नसतं लिहिलं तरी फ्रायर एकच, त्यात चिकन फिंगर, क्रिस्पी कॉर्न, ओनियन रिंग सगळं पोहतं. चिली चिकनमधे मैदा आणि सोया सॉस, सोया सॉसमधे गहू असतो हे कॅप्टनला पहिल्यांदाच कळलं, बाटली आणून त्यानं वाचली, मग बराच वेळ ती बाटली हातातच धरून उभा होता.

पापड म्हटलं तर उस्ताद म्हणाले, "पापड में क्या रहता, दाल ही तो रहती." बरोबर आहे, पण हिंग असतो. आणि इथं बहुतेक जण फसतात. बाजारात मिळतो तो बांधणीचा हिंग, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, पुष्कळदा ते पीठ मैद्याचंच असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, पण हॉटेलात कोणता डबा फोडलाय ते कोण पाहतो. म्हणजे हिंग आला की पापड गेला, डाळीचा तडका गेला, आणि चाट मसालासुद्धा गेला, कारण चाट मसाल्यात हिंग. चाट मसाला तर बारमधे हवेसारखा असतो, काकडीवर, कांद्यावर, अंड्यावर, सगळीकडे, हात आपोआप डब्याकडे जातो.

आणि हिरवी चटणी. ही मी विचारणार नव्हतो खरं सांगू तर, कोथिंबीर-पुदिना-मिरची, त्यात काय असणार. भाचीनं विचारलं, चटणी घट्ट कशानं होते? उस्ताद सहज बोलले, "दाना डालते ना थोडा, गाढी होती." दाना म्हणजे फल्ली. टेबलवर एकदम शांतता. चकण्याला मसाला फल्लीचा बाऊल येतो हे आम्हाला माहीत होतं, आल्या आल्या तो परत पाठवला होता, टेबल पुसून घेतलं होतं, पण फल्ली अशी हिरव्या रंगात वाटीतून येईल हे माझ्या डोक्यात नव्हतं.

बिअरचं सांगायलाच नको, ती जवाच्या माल्टची. आमच्यातल्या एकानं वाद घातला की मग व्हिस्कीपण जवाचीच ना, तर डिस्टिल होताना प्रथिनं मागे राहतात, त्यामुळे साधी व्हिस्की, व्होडका, रम यांच्यात ग्लुटेन येत नाही असं सिलिअॅकवाल्या संस्था सांगतात. भाची तसंही पीत नाही. तिची अडचण वेगळी होती, तिच्या ताटाशेजारी बसून बिअरचा मग आपटणारा तिचा मित्र. त्याला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं.

मेनूकार्डवर यातलं काही लिहिलेलं का नव्हतं, तर तसं लिहायची सक्ती त्यांना नव्हती. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या लेबलिंगच्या नियमात मेनूवर अॅलर्जीवाले घटक दाखवायची सक्ती आहे, पण ती सेंट्रल लायसन्सवाल्यांना किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्यांना. एकाच जागेचा बार त्यात येत नाही. त्यामुळे जे काय आहे ते आचाऱ्याच्या तोंडूनच काढावं लागतं.

सगळं ऐकून उस्तादांचा चेहरा बदलला होता. चिडलेला माणूस आता डोकं लावून राहिला होता. शेवटी ठरलं असं, धुतलेला वेगळा फ्रायपॅन, त्यात बटर, लसूण, मीठ, काळी मिरी आणि चिकनचे तुकडे, बाकी काही नाही. त्याच पॅनमधे आधी उकडलेले बटाटे परतून. दोन उकडलेली अंडी, अख्खी, साल न काढता, ती स्वतः सोलेल. लिंबू. चटणी नाही, कांदा नाही, चाट मसाला नाही. चिमटा वेगळा. आणि ही आयडिया उस्तादांची, बाकी सगळ्या प्लेटा काळ्या दगडासारख्या होत्या तर हिची प्लेट स्टीलची, स्टाफच्या जेवणातली, म्हणजे पासवर, किचनमधून प्लेटा बाहेर देतात त्या ओट्यावर, ओळखू येईल. कॅप्टननं केओटीवर नोट टाकली, नो गेहूं, नो मैदा, नो दाना, वेगळा पॅन.

पहिली प्लेट आली तेव्हा शेफाली वर्मा मारत सुटली होती. स्टीलची थाळी, काठाला एक जुना पोचा, चिकनच्या कडा तपकिरी, लसणाचे तुकडे थोडे जास्तच लाल झालेले, बाजूला अर्धं लिंबू, बस. एकदम घरच्यासारखी दिसत होती, स्पोर्ट्स बारची वाटतच नव्हती. भाचीनं आधी नाकाशी नेऊन वास घेतला, मग एक तुकडा खाल्ला, दहा मिनिटं थांबली, मग सगळं खाल्लं, लसूणसुद्धा चाटूनपुसून. मला म्हणाली, "मामा, तीन वर्षांत पहिल्यांदा बाहेर गरम खाल्लं." मी उगाच स्क्रीनकडे पाहत बसलो.

भारताच्या २९८ झाल्या. रात्री नऊनंतर साऊथ आफ्रिका खेळायला आली, वोल्वार्ट जमून बसली होती, बार कोंबून भरला, लोक उभे, लाईट कमी केलेले, फक्त स्क्रीनचा उजेड. आणि मग हरमननं बॉल शेफालीच्या हातात दिला, जिचं मुख्य काम बॅटिंग, तिनं पाठोपाठ दोन विकेट काढल्या. सगळा बार खुर्च्यांवर चढला. मी पण. अन् त्या जोशात समोरून जाणाऱ्या पोराला मी ओरडून म्हटलं, "भाऊ, सगळं रिपीट!"

झालं. प्रकरण इथंच आहे.

वीस मिनिटांनी सगळ्यांचं आलं, अंधारात, पोरानं चार प्लेटा दोन हातांवर आणून टेबलवर सरकवल्या. भाचीची नजर स्क्रीनवर. तिनं समोरच्या प्लेटमधून एक तुकडा उचलला, खाल्ला. दुसरा खाल्ला. मग थांबली. मला वाटलं विकेट पडली म्हणून थांबली. ती म्हणाली, "मामा, मोबाईलची बॅटरी लाव."

लावली. काळी प्लेट. चिकन तेच, लसणाचंच, पण वरून लालसर भुकटी, बाजूला कांद्याच्या चकत्या, आणि काठावर ती वाटी, हिरवी चटणी, वाटीतून एक ओघळ प्लेटवर आलेला, चिकनच्या एका तुकड्यापर्यंत जेमतेम न पोचलेला. तुम्हाला सांगतो, त्या ओघळाचं टोक आणि त्या तुकड्यामधे एका बोटाचं अंतर असेल. पुष्कळ वेळ मला झोपताना ते अंतर दिसायचं.

तिनं तोंडातलं नॅपकिनमधे काढलं, चूळ भरली, बॅग उचलली, आम्ही दोघं बाहेर. आत श्वास घ्यायला जागा नव्हती आणि काही झालं असतं तर गर्दीतून बाहेर काढणं अशक्य होतं, म्हणून बाहेर. पार्किंगच्या कट्ट्यावर तिला बसवलं, किट उघडून मांडीवर ठेवलं, तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, आत्ता काही लक्षण नसेल तर इंजेक्शन देऊ नका, पण एकटं सोडू नका, ओठ, गांधी, आवाज, श्वास, उलटी, चक्कर, यातलं कुठलंही दिसायला लागलं तर क्षणाचा विचार न करता द्यायचं, लगेच १०८ ला फोन करायचा, इंजेक्शननं बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. आणि दोन तास तरी हलायचं नाही. भाची दर पाच मिनिटांनी "मामा, माझा आवाज ठीक आहे ना" विचारायची, मी म्हणायचो ठीक आहे, आणि प्रत्येक वेळी मलाच वाटायचं की बसला का काय थोडा.

आठ वर्षं वाट पाहिलेली मॅच तिनं अशी कट्ट्यावर बसून मोबाईलवर पाहिली. मोबाईल आतल्या टीव्हीच्या मागे होता, त्यामुळे आधी आतून आरडाओरडा यायचा अन् मग वीसेक सेकंदांनी आमच्या स्क्रीनवर विकेट पडायची. वोल्वार्टचा कॅच अमनजोतच्या हातात दोनतीनदा उडाला, आतले लोक तोवर नाचायला लागले होते, आम्हाला माहीत होतं की ती पकडणार, तरी श्वास रोखून पाहिलं. दीप्तीच्या बॉलवर हरमननं शेवटचा कॅच घेतला, ५२ रननी जिंकलो, बाराच्या आसपास. पोरगी रडली. पार्किंगवाल्या काकांनी तिला पाणी दिलं, त्यांना वाटलं भांडण झालंय.

फल्लीचं काही झालं नाही. चटणी लागली नव्हती, नशीब. पण गहू लागला होता. सकाळी पोट तबल्यासारखं, जुलाब, आणि चार दिवस डोकं असं जड की ऑफिसातला एक मेल तिला तीनदा वाचावा लागायचा. याला काही करता येत नाही, पाणी, मीठ-साखर, भात-ताक आणि आराम. लोक विचारायचे, "दोनच तुकडे ना?" हो, दोनच.

आठवड्यानं मी एकटा तिकडे गेलो, दुपारी, भांडायला नाही, मला समजून घ्यायचं होतं की सुटलं कुठं. कॅप्टन आणि उस्ताद दोघंही होते. उस्तादांना त्या रात्री काय झालं हे माहीतच नव्हतं, ते दहाला जेवायला बसले होते, पॅनवर त्यांचा हाताखालचा पोरगा उभा होता. आणि मशीनवर रिपीट दाबलं की पदार्थ पुन्हा छापून जातो, नोट जात नाही. कॅप्टननं मला स्क्रीनवर करून दाखवलं. पोरासमोर चिठ्ठी आली, गार्लिक पेपर चिकन, एक. त्यानं जसं रोज करतो तसं केलं, समोरच्याच पॅनमधे, ज्यात आधी चिली चिकन परतलं होतं, वरून चाट मसाला, कांदा, चटणी. चटणी तर प्लेटचा भागच असते, कोणी टाकतो असं नाही, ती असतेच.

म्हणजे त्या पोराची चूक शून्य. सगळी खबरदारी आम्ही पहिल्या प्लेटला घेतली होती, अडीच तास डोकं लावून, आणि ती सगळी त्या एका कागदावर होती जो कागद दहाला टोचणीवर जाऊन बसला. मला हे माहीत असायला हवं होतं. ड्युटी बदलताना, आचारी जेवायला बसताना, गर्दीच्या टोकाला, याच वेळी चुका होतात, मी नवीन पोरांना हेच शिकवायचो की राव. पण बाहेर खुर्चीवर बसलं की माणूस गिऱ्हाईक होतो.

बोलता बोलता कॅप्टन म्हणाला, "सर, जैन असतं तर झालं नसतं." मी म्हटलं कसं काय? तर म्हणे जैनसाठी मशीनमधे वेगळं बटण आहे, जैन दाबलं की रिपीटलापण जैनच जातं, कांदा-लसूण नाही, पॅन वेगळा, आणि पोरं घाबरतात, कारण एकदा एका जैन कुटुंबाला कांदा गेला होता अन् मोठा राडा झाला होता. हे मला पटलं. आपल्या किचनला न चालणं म्हणजे काय हे चांगलं कळतं, जैन कळतं, उपास कळतो, व्हेज-नॉनव्हेजचा चिमटा वेगळा ठेवतात, सोवळं-ओवळं तर रक्तातच आहे आपल्या. फक्त त्या यादीत गहू नाही, कारण गहू म्हणजे जेवण, जेवण कोणाला कसं बाधेल. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी आता गव्हाची जैन." आता ती खरंच तसंच सांगते, भाऊ, जैन लोकांना जसा कांदा नाही चालत ना, हातसुद्धा लागलेला नाही चालत, तसा मला गहू, मैदा, रवा, हिंग नाही चालत, आणि फल्ली लागली तर दवाखानाच. ग्लुटेन हा शब्दच काढत नाही. सोबत हिंदी-मराठीत लिहिलेलं कार्ड असतं, ते वेटरला न देता किचनमधे पाठवते. आणि फोटो काढते पहिल्या प्लेटचा, दुसरी तशी दिसली नाही तर हात लावत नाही.

कॅप्टननं बटण करून घेतो म्हणून सांगितलं. केलं का ते मी विचारलं नाही.

डिसेंबरमधे एका मंगळवारी संध्याकाळी पाचला ती स्वतःच म्हणाली चल मामा, तिथंच जाऊ. मी नको म्हणत होतो. चार टेबलं भरलेली, स्क्रीनवर कुठलीतरी जुनी मॅच, आवाज बंद. उस्ताद आतूनच ओळखून बाहेर आले, पोच्याची ती थाळी हातात. पहिली प्लेट झाली. मग तिला अजून भूक होती, वेटर उभा होता, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंडावर हात ठेवला. ती म्हणाली, "नवीन ऑर्डर. पुन्हा सगळी लिहून घ्या, पहिल्यापासून." पोरानं निमूट लिहून घेतली, गहू, मैदा, दाना, वेगळा पॅन, सगळं. दुसरी प्लेट उस्तादांनी स्वतः आणून ठेवली, तीच थाळी, धुऊन अजून ओली. "मॅडम, ये रिपीट नहीं है, नया है."

बिलात मात्र मशीननं रिपीट असंच छापलं होतं.